शेवटची पंगत

सहल माझ्याच डोक्यातून निघाली होती, त्यामुळे दुसऱ्या कुणावर ढकलायची सोय नाही. हिंजवडीच्या आमच्या ऑफिसात आम्ही पाच जणी एकत्र डबा खातो, आमच्या टीमच्या मॅडमसुद्धा त्यातच. एकदा कुणीतरी म्हणालं, इतकी वर्षं पुण्यात आहोत पण पुणं कुठे बघितलंय, ट्रॅफिकच बघतोय. मी लगेच पुढे सरसावले. "आपापल्या आयांना घेऊन जाऊ या की! शनिवार-रविवार पेठेतच मुक्काम करू. जुने वाडे, देवळं, बाजार, आणि भरपूर खाणं." सगळ्यांनी माझं कौतुक केलं. कौतुक मला फार लवकर चढतं, हे आधीच सांगून ठेवते.

आयांना न्यायचं ठरवताना माझी खात्री होती की माझी आई काही यायची नाही. तिला गाडी लागते, गुडघे धरतात, आणि बाहेरचं खाणं म्हणजे तिच्या मते पैसे देऊन पोट बिघडवणं. वडील गेल्यापासून ती उरवड्याचं घर बंद करून माझ्याकडे नेऱ्यात राहते. माझ्या सासरची बरीचशी जमीन बिल्डरकडे गेली. उरलेल्या तुकड्यावर आमचं घर आणि वर भाड्याच्या चार खोल्या. त्या भाडेकरू पोरींशी आई ओट्यावर बसून गप्पा मारते, त्या हिंदीत आणि ही तिच्या मावळी मराठीत, आणि कुणाचंच काही अडत नाही. अडायचं ते माझंच.

मी सहलीचं सांगितलं तेव्हा ती मेथी निवडत होती. हात थांबले.

"पेठंत जानार? त्या दगडी देवळाकडं बी?"

"हो, ते आहे यादीत. का गं?"

"त्येच्या मागल्या दारानं आमी पत्रावळी न्यायचो. त्ये दार बगायचंय मला. आन तुला दावायचंय. एकडाव तितं हुबी ऱ्हाऊन सांगायचंय समदं."

आईने माझ्याकडे कधी काही मागितल्याचं मला आठवत नाही. साडी आणली तर म्हणते, कशाला, हाय की. डॉक्टरकडे न्यायचं तरी तीन वेळा विचारावं लागतं. मागून मागितलं ते एवढं एक दार. मी "बरं" म्हटलं, पण त्या दाराची गोष्ट मला ठाऊक होती.

तिने ती मला एकदाच सांगितली होती, मी सात-आठ वर्षांची असताना. ताटात भाकरी टाकून उठत होते. मला वाटलं आता धपाटा बसणार. पण ती समोर बसली आणि सांगायला लागली. तिचं माहेर पौडच्या पलीकडे, डोंगरातल्या वाडीत. ती आणि तिची आई पळसाची पानं गोळा करायच्या, बांबूच्या चोयांनी टाचून पत्रावळी करायच्या. भारे डोक्यावर घेऊन पौडपर्यंत पायी, तिथून एसटीच्या टपावर भारे टाकून पुण्यात. एका वर्षी त्या देवळाच्या उत्सवाला पत्रावळी पोचवल्या. मागच्या दारी बसा म्हणाले, सगळ्यांचं झालं की तुम्हाला वाढू. सकाळपासून पोटात काही नव्हतं. आत पंगतींमागून पंगती उठत होत्या, वास येत होता. शेवटची पंगत उठली आणि वाढायचं कुणाच्या ध्यानातच राहिलं नाही. मागच्या दाराने नुसती उष्टी पानं बाहेर आली. आजीने एक कोरी पत्रावळ बाजूला ठेवली होती. तिने त्या ढिगातून निवडून निवडून भात, अर्धी जिलबी, बटाट्याची भाजी त्या पानावर काढली आणि लेकीला भरवली. मग स्वतः खाल्लं.

"आमीच टाचल्याल्या पानावरचं उष्टं आमीच खाल्लं," आई म्हणाली होती. "तवा पान टाकू नगं."

तेव्हापासून मी पान टाकत नाही. आणि ही गोष्ट मी कुणालाही सांगितली नाही, नवऱ्यालासुद्धा.

सहलीच्या आधी मी आईला नवी साडी आणली आणि सोबत सूचनाही दिल्या. इथं म्हण, हितं नको. आहे म्हण. फार बोलू नकोस, तिथे सगळ्या शिकलेल्या आहेत. आता लिहिताना बोटं जड होतात, पण बोलले होते हे मी. ती म्हणाली, "व्हय." मग स्वतःच सुधारून म्हणाली, "हो." आणि हसली. मला मात्र त्यात हसण्यासारखं काही वाटलं नाही.

पहिला दिवस बरा गेला. एका वाड्याचे नक्षीचे खांब बघितले, भाजीबाजाराची जुनी इमारत बघितली, तांब्या-पितळेच्या भांड्यांच्या गल्लीतून फिरलो. सोबत माहिती सांगायला एक तरुण मुलगी होती, इतिहास शिकलेली, फार गोड बोलायची. आई सगळ्यांच्या मागून चालत होती. मिसळ खायला बसलो तेव्हा तिने वाटीत चमचा फिरवून फिरवून बघितलं आणि म्हणाली, "ह्यात मटकी कुटं हाय? नुसतं लाल पानी पवतंय." सगळ्या खळखळून हसल्या. आमच्या मॅडमच्या आई, नाशिकच्या निवृत्त शिक्षिका, त्यांना तर ठसकाच लागला. त्या आईला म्हणाल्या, "अहो, तुम्ही माझ्याशेजारीच बसत चला, मजा येते." हसण्यात काही खोट नव्हती. पण माझे कान तापले. मी टेबलाखालून आईच्या पायाला पाय लावला. त्यानंतर ती दिवसभर फारसं बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी देऊळ. आईने गुडघ्यांची तक्रार केली नाही की पाणी मागितलं नाही. आत शिरल्याबरोबर देवाला हात जोडले न जोडले, आणि ती डावीकडून मागे निघाली. साठीपुढची बाई, पण वाट अजिबात चुकली नाही. आम्ही मागून गेलो तर ती दारापाशी उभी. दाराला आता लोखंडी जाळी होती, बाजूला चपला ठेवायचं कपाट. उंबरा तेवढा जुना, दगडी, मध्ये झिजलेला. आई वाकली आणि तिने त्या उंबऱ्यावर तळहात ठेवला.

माहिती सांगणारी मुलगी म्हणाली, "उत्सवात इथे दिवसभर पंगती चालायच्या. हे मागचं दार सामान आणण्यासाठी होतं."

"व्हय," आई म्हणाली. "पत्रावळी आमीच आनायचो."

सगळ्या गर्रकन वळल्या. त्या मुलीचे डोळे चमकले. "खरंच, आजी? सांगा ना! असं सांगणारं कुणी भेटतच नाही आम्हाला." मॅडमच्या आईंनी पुढे होऊन आईचा हात धरला. कुणीतरी मोबाइल काढला.

आईने पदर सावरला. माझ्याकडे बघितलं, लहान मुलं गॅदरिंगला स्टेजवरून बघतात ना, तसं. आणि सुरू केलं. "माजी आय आन मी. मी असंन आठ-नऊ वर्साची. पळसाची पानं. पौडापातुर चालत यायचो. मंग यष्टीवर भारं. हितं आलो की ह्या दगडावर बसायचं. ह्यो हाच दगड. आत पंगती बसायच्या. शेवटची पंगत उठूस्तवर आमी हितंच. मंग..."

मला पुढचं वाक्य माहीत होतं. मॅडम ऐकत होत्या, मोबाइल सुरू होता, आणि पुढच्या वाक्यात माझी आजी उष्ट्या पानांच्या ढिगात हात घालणार होती.

"आई, पुरे आता," मी म्हटलं. "जेवणाचं बुकिंग आहे, उशीर होतोय." आणि एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण मी बाकीच्यांकडे वळून हसत हसत म्हटलं, "आमच्या आईला गोष्टी रंगवून सांगायची सवय आहे हं."

कुणी हसलं नाही. मॅडमच्या आई म्हणाल्या, "अगं, बोलू दे की त्यांना." पण आईने हात सोडवून घेतला होता.

"उशीर व्हतोय," ती म्हणाली. "चला."

जीभ हासडून ठेवावी असं तेव्हा वाटायला हवं होतं. खरं सांगते, तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं.

जेवण पत्रावळीवरच होतं, पारंपरिक थाळीच ती. अळूची भाजी, मसालेभात, जिलबी, मठ्ठा. आईने पान वाढायच्या आधी उलटं करून बघितलं, बोटाने कड चाचपली आणि पुन्हा सरळ ठेवलं. यंत्रात दाबलेलं पान होतं, एकही चोय नव्हती. त्यावर ती काहीतरी बोलेल म्हणून मी वाट बघितली. ती जेवायला लागली. शेवटचं शीत उचलून खाल्लं आणि पान दुमडलं. शेजारच्या पानावर अर्धी जिलबी राहिली होती. आई तिच्याकडे बघत बसली होती, मी दुसरीकडे बघितलं.

परतताना गाडीत मी विचारलं, "बघितलंस ना दार?"

"बगितलं," ती म्हणाली. वाकडच्या पुलाखाली गाडी अर्धा तास अडकली, तेवढ्यात ती झोपली, किंवा तिने डोळे मिटले.

इथे संपलं असतं तर मी हे लिहायला बसले नसते.

काही महिन्यांनी ऑफिसात मराठीचा कार्यक्रम ठरला. विषय होता "माझा वारसा". मॅडम मला म्हणाल्या, "तू तुझ्या आजीचं सांग ना, ते पत्रावळीचं. त्या दिवशी अर्धवटच राहिलं." मी नाही म्हणायला हवं होतं. पण त्यांच्या तोंडून मागणी आली, आणि मी नऊवारी नेसून स्टेजवर उभी राहिले.

आणि काय सांगू, काय बोलले मी! डोंगर, पळस, चोया, एसटीच्या टपावरचे भारे, सगळं आईचं, तिच्याच क्रमाने. फक्त हितं नव्हतं, तितं नव्हतं, सगळं धुऊन इस्त्री केलेलं. आणि शेवट माझा. मी सांगितलं की देवळातल्या एक वृद्ध बाई स्वतः मागच्या दारी आल्या, माझ्या आजीचा हात धरून तिला आत घेऊन गेल्या आणि पहिल्या पंगतीत बसवलं. "पान तुझं, तेव्हा पहिला घास तुझा," असं त्या म्हणाल्या. हे वाक्य मी आदल्या दिवशी सिग्नलला थांबले असताना जुळवलं होतं आणि गाडीत तीनदा मोठ्याने म्हणून बघितलं होतं. टाळ्या थांबेनात. मॅडमनी डोळे पुसले. आई रंगवून सांगते असं जिने म्हटलं होतं, ती ही बया.

व्हिडिओ नवऱ्याने आईला दाखवला. कौतुकानेच दाखवला, त्याला बिचाऱ्याला काय माहीत. मी स्वयंपाकघरात होते. बाहेरून माझाच आवाज ऐकू आला, पळस, चोया, आणि मी कणकेत हात तसेच ठेवून उभी राहिले. संपलं. मग आई म्हणाली, "अजून एकडाव लाव." पुन्हा सुरुवातीपासून माझा आवाज. मला वाटलं आता ती आत येईल आणि माझ्या थोबाडीत देईल. दिली असती तर फार बरं झालं असतं.

ती आत आली, माठातलं पाणी घेतलं, उभ्यानेच प्यायली.

"लई ग्वाड बोललीस," म्हणाली. भांडं विसळत म्हणाली, "आयला बसवलंस व्हय पयल्या पंगतीला."

"आई, मी..."

"बसली न्हवती ती कंदी," ती म्हणाली आणि भांडं पालथं घालून बाहेर गेली.

मी माफी मागितली नाही. रोज ठरवायची आणि रोज ऑफिसला उशीर व्हायचा. आईने तो विषय काढला नाही. माझ्याशी पहिल्यासारखीच वागत राहिली, डबा भरून देत राहिली. भाडेकरू पोरींशी ओट्यावर गप्पाही चालू होत्या, पण डोंगरातल्या वाडीचं काही तिच्या तोंडून ऐकू येईनासं झालं.

परवा रविवारी दुपारी ती ओट्यावर तांदूळ निवडत होती, मी दाराशी कपडे घड्या करत होते. माझी लेक अकरा वर्षांची आहे. व्हिडिओ तिने इतक्या वेळा बघितलाय की तिला पाठ आहे. ती आजीच्या मांडीला टेकून म्हणाली, "आज्जी, तुझ्या आईला पहिल्या पंगतीत बसवलं ना, तेव्हा जेवायला काय काय होतं गं?"

आईचा हात सुपात थांबला. तिने माझ्याकडे बघितलं नाही.

"पयल्या पंगतीचं मला काय ठावं, बाय?" ती म्हणाली. "तुज्या आयला इचार. तीच बसली व्हती."

लेक माझ्याकडे वळली. मी हातातला टॉवेल खाली ठेवला, तिच्यासमोर बसले आणि म्हटलं, "पहिली पंगत नव्हती गं ती. मी खोटं सांगितलं. तुझी आज्जी आणि तिची आई मागच्या दारी दगडावर बसल्या होत्या. शेवटची पंगत उठेपर्यंत बसल्या होत्या. मग..."

आणि तिथेच मी अडले. देवळात जिथे मी आईचं बोलणं तोडलं होतं, अगदी त्याच शब्दावर. लेक विचारत राहिली, "मग काय? मग काय, आई?" मी आईकडे बघितलं. ती खडे वेचून बाजूला टाकत होती. मला थांबवत नव्हती.