पारोशा तोंडाची गोळी

माझ्या आईचे उपास लिहायला बसलं असतं तर पंचांगाला पानं कमी पडली असती. एकादशी, संकष्टी, प्रदोष, शनिवार, सोमवार हे घरचे, बाहेरचे वेगळे. कुणाच्या लेकीला दिवस गेले, कुणाची म्हैस आटली, कुणाचा जावई रुसून गेला, की आई इकडं एक उपास बोलून मोकळी. निम्म्या बदनापूरचे नवस तिच्या एकटीच्या पोटावर चालत होते. मोठ्या दुष्काळात तर सगळा तालुकाच उपाशी होता. पण ते दिवस तिनं कधी धरले नाहीत. "त्यो काय उपास व्हय? खायाला न्हाई म्हणून खाल्लं न्हाई."

दुष्काळ सरल्यावर दोनेक वर्षांनी तिचं डोकं मानेपासून ठणकायला लागलं. मी तेव्हा जालन्याला बियाण्याच्या कारखान्यात वजनकाट्यावर होतो. रोज पॅसेंजरनं जाणं-येणं. एक दिवस तिलाच सोबत घेतलं आणि डॉक्टरांपुढे बसवलं. त्यांनी दंडाला पट्टा गुंडाळला, हातातला फुगा दाबला, आणि पारा असा चढला की मला वाटलं, आता काच फोडून आढ्याला लागतो.

"माय, हे ब्लडप्रेशर," डॉक्टर म्हणाले. "डोकं दुखो न दुखो, ही गोळी रोज सकाळी घ्यायची. बरं वाटलं म्हणून बंद करायची नाही. मीठ कमी. नाही ऐकलं तर एक दिवस अर्धं अंग जाईल."

"कवर घ्यायची?"

"आता कायमची."

बाहेर आल्यावर आई मला म्हणाली, "नवस तरी फिटतो रे बाबा. ह्ये त्याच्याहून वंगाळ."

गोळ्या सुरू झाल्या, डोकं ठणकायचं थांबलं. मला वाटलं, मिटलं. माणसाला दमायचं असलं की आधी असंच वाटतं.

मग श्रावण आला. शनिवार, त्याला लागून एकादशी, त्याला लागून सोमवार. बारशीचं पारणं आणि सोमवारचा उपास एकाच दिवशी आले, तर आईनं तुळशीचं एक पान तोंडात टाकून दोन्ही देवांना सांभाळून घेतलं. सोमवारी संध्याकाळी उपास सोडला, आणि थोड्या वेळानं पाटावरून उठायला गेली ती तशीच खाली बसली. चेहरा पांढरा, अंग घामानं चिंब, डोळे कुठंतरी भलतीकडं. बायकोनं हाक मारली ती मला वाटतं दौलताबादेच्या किल्ल्यावर ऐकू गेली असेल. मी जालन्याकडं निघालेला एक टेम्पो रस्त्यात आडवा होऊन थांबवला, आईला पोत्यांवर निजवलं, बायको तिच्या उशाशी बसली आणि मी तिचे पाय मांडीवर घेऊन बसलो. तो रस्ता त्या दिवशी कुणीतरी ओढून लांब केला होता.

डॉक्टरांनी पट्टा बांधला. या खेपेला पारा वर यायलाच तयार नव्हता. "काय दिलं हिला?"

आम्ही नवरा-बायको एकमेकांकडे बघतोय, तर आईच डोळे न उघडता बोलली. "राह्यलेल्या घेतल्या. फेडून टाकल्या."

आमच्याकडं उपास चुकून मोडला की तो पुढं कधीतरी फेडायचा असतो. आईनं तोच कायदा गोळीला लावला होता. गोळी तिनं एकदा बोटात चुरून पाहिली होती, तर आत पीठ. पीठ म्हणजे धान्य, आणि धान्य उपासाला चालत नाही. म्हणून उपासाच्या दिवशी गोळी पदराच्या गाठीत, आणि उपास सुटला की गाठीतल्या सगळ्या एकदम पोटात. एरवी एखाददुसरी जमायची, ते निभलं. श्रावणानं गाठ फुगवली.

डॉक्टर रागावतील असं मला वाटलं होतं. ते नुसते खुर्चीत मागं टेकले. "एखादी चुकली तर ती गेली. दुसऱ्या दिवशी नेहमीचीच घ्यायची, दोन कधीच नाहीत. आणि मुद्दाम चुकवायची तर बिलकुल नाही. अशी वर-खाली होत राहिली तर एक दिवस मी काही करू शकणार नाही."

दोन दिवसांनी आईला घरी आणलं. अर्धी लढाई जिंकली होती. "फेडायच्या न्हाईत तर न्हाई फेडत," ती म्हणाली. "पण उपासाला घेनार न्हाई."

"मग उपास कमी कर."

"तू श्वास कमी कर."

आता जिचा निम्मा आठवडा उपासाचा, तिला निम्मा आठवडा गोळी नाही. रोज पॅसेंजरमधून उतरलो की मी घराकडं आधी कान देऊन बघायचो, रडण्याचा आवाज येतो का. ओरडून पाहिलं, पाया पडून पाहिलं, शेवटी मला येतं ते केलं. तिला सांगितलं, ही गोळी शिंगाड्याच्या पिठाची असते, मी गोळ्यांचा कारखाना डोळ्यांनी पाहिलाय, तिथले कामगारसुद्धा संकष्टी धरतात, मालक तर चंद्र दिसल्याशिवाय यंत्र बंद करत नाही.

आईनं सगळं नीट ऐकून घेतलं. "अन् मालकीन?"

"तीही."

"तुला म्याच जन्म दिला, बाबा," ती म्हणाली आणि कुशीवर वळली. मी तिथंच बसून राहिलो. खोटं सांगायलासुद्धा अंगात जोर लागतो, आणि तो माझ्यात उरला नव्हता.

पुढच्या शनिवारी उजाडायच्या सुमाराला आई उंबऱ्याशी मिसरी लावत बसली होती. बायको चुलीवर पाणी तापवत होती. ती तिकडूनच बोलली, "आत्याबाई, आज शनिवार ना?"

"मंग?"

"उपासाला मिसरी चालती?"

"त्वांड धुवायचं न्हाई का?"

"न्हाई, म्हनलं, तंबाखू चालती अन् औषध चालत न्हाई, म्हणून इचारलं."

आई भडकली. "लई शहाणी झाली! मी काय आंघूळ करून लावते व्हय? पारोशानं लावते. पारोशा तोंडाला कुठला आलाय उपास? आंघूळ झाली, देवाम्होरं हात जोडले, तवा लागतो त्यो!"

बायको फुंकणी उचलून चूल फुंकत राहिली. आईचं बोट दातावरच थांबलं. बराच वेळ ती अंगणातल्या कोंबडीकडं बघत होती, जणू हे सगळं कोंबडीनंच घडवून आणलं होतं. मग चूळ भरली आणि माझ्याकडं न बघता हात पुढं केला.

"आन."

मी पुडीतून एक काढून तिच्या तळहातावर ठेवली.

"ही शनिवारची न्हाई," तिनं बजावलं. "ही आंघुळीच्या आधीची."

"बराबर."

तेव्हापासून तसंच चाललं, उपास असो नसो. पुडी मात्र मी माझ्याकडं ठेवली. कारण आज घेतली की नाही हे तिला तासाभरानं आठवायचं नाही, आणि विसरून तिनं दुसरी घेतली असती. अधूनमधून जालन्याला पट्टा बांधून यायचो. पारा खाली राहिला. उपासाच्या शेंगदाण्यातलं मीठ बायकोनं हळूहळू इतकं कमी केलं की आई शेंगदाण्यालाच नावं ठेवायला लागली.

मला मात्र तिच्या आधी उठावं लागायचं, आणि ती कोंबड्याच्या आधी उठणारी. डोळे चिकटलेले असायचे, तिची चूळ भरून व्हायची वाट बघत मी पाण्याचं फुलपात्र धरून बसायचो. ती मान मागं टाकून गोळी गिळायची, माझ्याकडं बघायची आणि म्हणायची, "तुझं त्वांड बघ कसं उतरलंय. डाक्टरला दाखव जरा." मग लुगडं सावरत न्हाणीकडं जायची, आणि मी भिंतीला पाठ लावून पॅसेंजरची वेळ होईपर्यंत डोळे मिटायचो.