शेजारची जागा

दिल्लीच्या द्वारका भागात मानसोपचाराचे काम करणाऱ्या उल्का वैशंपायन यांचा एक नियम होता. दवाखान्याबाहेर रुग्ण दिसला, तर त्याने ओळख दाखवल्याखेरीज आपण ती दाखवायची नाही. दिल्लीतली मराठी मंडळी गणपतीत, हळदीकुंकवाला हटकून एकमेकांना भेटणारी. त्यामुळे उल्काताईंना पुष्कळदा भिंतीकडे पाहत उभे राहावे लागे. लोक त्यांना शिष्ट म्हणत. त्या म्हणू देत.

वेड म्हणाल तर नाटकाचे. वडील केंद्र सरकारच्या नोकरीत. सरकारी वसाहतीतल्या गणपतीपुढे लहानपणी तोंडाला लागलेला रंग पन्नाशी उलटली तरी उतरला नव्हता.

त्या वर्षी तिथल्या मराठी मंडळाच्या नाटकात त्यांना पतीची वाट पाहणाऱ्या वृद्धेची भूमिका मिळाली. एका तालमीत बाकावर बसण्यापूर्वी त्यांनी शेजारची रिकामी जागा पदराने पुसली. दिग्दर्शक भाऊसाहेब सचिवालयातून निवृत्त झालेले. स्तुती हातचे राखून करणारे. तेही म्हणाले, "बिल्कुल. हेच हवं होतं. कुठून सुचलं?"

"सुचलं आपलं."

कुठून, ते त्यांना गुरुवारी उमगले. सुहासिनीबाई वर्षभर त्यांच्याकडे येत होत्या. पती गेल्यापासून झोप नाही. परंतु पतीचा विषय निघाला की बाई सोसायटीच्या पाण्यावर बोलू लागत. त्या दिवशी त्या आल्या, कोचावरची शेजारची जागा त्यांनी पदराने पुसली, मग बसल्या. दर खेपेस असेच करीत. 

निघताना बाई म्हणाल्या, "रविवारी तुमच्या नाटकाला येणार आहे."

परवानगी मागावी, तर ती लकब त्यांना दाखवून द्यावी लागणार. आणि एकदा दाखवली की त्यांचा हात पुन्हा तसा सहज जाणार नाही. न विचारता केली, तर वर्षभर जपलेला विश्वास भर सभागृहात उधळला जाणार.

"ते पुसणं मी गाळते आहे, भाऊसाहेब."

"का म्हणून?"

"ते माझं नाही."

"नाटकात आपलं काय असतं, यार? वाक्यं लेखकाची, साडी मंडळातल्या नीलाची."

"साडी विचारून आणली आहे."



रविवारी बाकाशी येताच उल्काताईंचा हात पदराकडे गेला आणि तिथेच थांबला. त्या कडेला बसल्या. शेजारची जागा तशीच मोकळी राहिली. प्रसंग थोडा फिका पडला, हे त्यांना स्वतःलाच जाणवले.

प्रयोगानंतर चहाच्या गर्दीत सुहासिनीबाई दिसल्या. नियमाप्रमाणे उल्काताईंनी नजर भिंतीकडे वळवली.

"नमस्कार, उल्काताई." चारचौघांत बाईंनी प्रथमच हाक मारली होती. "शेजारी जागा ठेवलीत, बरं केलंत. पुसायची मात्र राहिली."

उल्काताई भिंतीकडून त्यांच्याकडे वळल्या.

"ह्यांना धूळ खपायची नाही. बागेत म्हणा, स्टेशनवर म्हणा, आधी मी पुसायची, मग ते बसायचे. मी चिडायची हो कधीकधी." बाई हसल्या आणि त्याच पदराने त्यांनी डोळे टिपले. "अजून हात जातो. तुमच्याकडेसुद्धा जातो, ठाऊक आहे मला."

चहा हातातच निवत राहिला. पाण्याचा विषय निघाला नाही.

"पुढचा प्रयोग फरीदाबादला ना? तिथं पुसा."

"तुमची हरकत नसेल तर."

"पुसा. पण नीट, कोपऱ्यापर्यंत. ते बसायच्या आधी बोट फिरवून बघायचे."