छत्रीच्या काडीचा भाला

जुनी छत्री दुरुस्त करताना गंजकी काडी हाती आली आणि बाबा आठवले.

कोलाडचे शेतकरी माझे बाबा. रेवदंड्याच्या समुद्रावर सहलीला गेलो की बांबूला छत्रीच्या टोकदार काड्या बांधून गुडघाभर पाण्यात मासे मारायला उभे राहायचे. मासा कधीच लागला नाय.

"दादा, दिसतो त्याच्या खाली मारा, पाणी फसवतं," किनाऱ्यावरची एक कोळीण सांगायची.

"दिसतोय तिथंच हाय तो!" बाबा हट्टी.

एकदा मी खडकाआडून त्यांच्यापाशी गेले. गढुळलेल्या पाण्यात माझ्या पायाची बोटं हलली, त्यांना मासा वाटला. भाला सणकन आला आणि बोटांना ओलांडून वाळूत रुतला. बाबा माझा पाय धरून पाण्यातच मटकन बसले.

आज काडीचं टोक अंगठ्यावर टेकवून पाहिलं. बरं झालं, बाबा कुणाचं ऐकत नसत.