पाच घरांचा जोगवा

आईची परडी म्हणजे बांबूची एक उथळ टोपली. काठाला लाल कापड शिवलेलं, आत हळदीकुंकू आणि देवीची कवड्यांची माळ. आमच्या घरातलं कोणी तोवर कॉलेजात गेलेलं नव्हतं. मी इंजिनीअरिंगला निघाले तेव्हा आईनं नेम धरला: मला नोकरी लागेपर्यंत दर मंगळवारी पाच घरी जोगवा मागायचा आणि त्या दिवशी फक्त त्या पिठाची भाकरी खायची. यवतमाळकडच्या आमच्या गावात त्यात विशेष काही नव्हतं. बायका दारात येत, मूठभर पीठ घालत, परडीच्या पाया पडत.

माझं कॉलेज पुण्याजवळ वाघोलीला होतं. शेवटच्या वर्षी मला टायफॉइड झाला आणि आई परडी घेऊनच आली. मी आणखी दोन मुलींबरोबर पाचव्या मजल्यावर भाड्यानं राहत होते. चार वर्षांत माझ्या बोलण्यातलं ‘मले’ जाऊन ‘मला’ आलं होतं. समोरच्या फ्लॅटमधले गृहस्थ ज्या सॉफ्टवेअर कंपनीत होते, तीच कंपनी दोन आठवड्यांनी आमच्या कॉलेजात मुलाखती घ्यायला येणार होती.

मंगळवारी सकाळी आईनं अंघोळ करून विचारलं, “कोन्या घरापासून सुरुवात करू व?”

समोरच्या दारात परडी घेऊन उभी असलेली आई माझ्या डोळ्यांपुढे आली. मी म्हणाले, “इथं वॉचमन फिरू देत नाही आई. मी जाते. मला ओळखतात सगळे.”

दोन्ही गोष्टी खोट्या होत्या.

“तू जाशीन? खरंच?” आई म्हणाली. माझा ताप उतरून चारच दिवस झाले होते, तेही ती विसरली. तिनं स्वतःच्या हातानं माळ माझ्या गळ्यात घातली आणि माझ्याच पाया पडली. मी मागं सरले तर म्हणाली, “तुह्या नाही, परडीच्या.”

लिफ्टमध्ये मी माळ काढून खिशात टाकली, परडी ओढणीखाली धरली आणि गेटबाहेरच्या किराणा दुकानात गेले. ज्वारी, बाजरी, गहू, तांदूळ, बेसन, अशी पाच पिठं मागितली. एकाच घरचं वाटायला नको म्हणून.

“पाव-पाव किलो?” दुकानदार म्हणाला. तो जुन्या वाघोलीतला. “हाटेल काढताय का प्रयोगशाळा?”

तेवढ्यात ओढणी सरकली. त्याचा आवाज बदलला. “जोगव्याची परडी हाय ना ती? मग इकत कशाला घेताय ताई? आमच्या घरी मागा की. मंडळी आतच हायेत, बोलावतो.”

“नको, घाई आहे,” मी म्हणाले.

पुड्या बांधताना त्यानं माझ्याकडे बघितलंही नाही.

जिन्याखाली बसून मी प्रत्येक पुडीतलं मूठमूठ पीठ परडीत घातलं. पाच घरं फिरायला वेळ लागतो, म्हणून तिथंच अर्धा तास बसून राहिले. मग माळ गळ्यात घालून वर गेले.

“कोनी कोनी देल्लं?” आईनं विचारलं. मी सांगत गेले. एक रिटायर्ड आजोबा. एक गुजराती बाई, तिला जोगवा म्हणजे काय ते समजावून सांगावं लागलं. एकीचं बाळ कडेवर रडत होतं, तरी तिनं पीठ आणलं. इतकं सहज सुचत होतं, की त्याचीच नंतर भीती वाटली. आईनं प्रत्येक घरासाठी हात जोडले. बाळासाठी जरा जास्त वेळ.

भाकरी थापताना मोडत होती. “पुन्याचं पीठ आहे, ऐकत नाही,” म्हणून ती हसली आणि दीड भाकरी जेवली.

मला नोकरी लागली. त्या कंपनीत नाही, दुसऱ्या. आई पुन्हा आली ती पाच नारळ, पाच खण आणि एक झबलं घेऊन. झबलं तिनं हातानं शिवलं होतं. “ज्याहीनं देल्लं त्याहीच्या घरी जाऊ,” ती म्हणाली. “लेकरू आता रांगत असन.”

तेव्हा मात्र मला सांगावं लागलं. सगळं सांगितलं, दुकानदारासकट. ती माझ्या कॉटवर बसली. झबल्याची नाडी बोटाला गुंडाळत राहिली.

“म्हन्जे त्या दिवशी मी जेवली.”

“हो.”

“कोनी देल्लं नाही असं तू म्हनली असती, तं मी उपाशी राह्यली असती. परडी खाली आली तं उपास करायचा. नेमात बसते ते.”

हे मला माहीत नव्हतं. इतकी वर्षं ती परडी घरात होती आणि रिकामी आली तर काय, हे मी कधी विचारलंच नव्हतं. मला परीक्षेसारखं वाटायचं, पाचपैकी पाच मिळालेच पाहिजेत. रिकामी परडी घेऊन परत येणंही देवीला चालतं, याचा अर्थ मला आजही पूर्ण कळला आहे असं म्हणवत नाही. एवढंच वाटतं, की त्या बांबूच्या टोपलीत पिठाआधी मागणाऱ्यानं आपली लाज टाकायची असावी, आणि मी नेमकी तीच जपत राहिले.

आईनं नेम पुन्हा पहिल्यापासून धरला. आधी जितके मंगळवार झाले होते तितके, म्हणजे जवळजवळ चार वर्षं. मी म्हणाले, “आता कशाला? नोकरी तर लागली.”

“तुह्यासाठी नाही व,” ती म्हणाली. “माह्या तोंडात गेलं ना ते इकतचं पीठ.”

तिचे गुडघे दुखतात. गावातली बरीच घरं आता दिवसा बंद असतात, त्यामुळं तिला पलीकडच्या आळीपर्यंत जावं लागतं. दर मंगळवारी संध्याकाळी मी ऑफिसातून फोन करते. पाऊसपाणी विचारते, भावाच्या शाळेचं विचारते. जेवलीस का, हे मात्र विचारता येत नाही.