तिरका पाट

भाऊबीजेला माहेरी गेले, तर ओवाळायचा सागवानी पाट देवघरात नव्हता. तो दादाच्या टेबलावर होता. पाटाखालची पुढची पट्टी काढून टाकलेली, आणि त्या उतारावर लॅपटॉप ठेवलेला.

"बघ, आता मान दुखत नाही," दादा कौतुकानं म्हणाला.

"मला विचारायचं तरी."

"तुला कशाला? वर्षातून एकदा तर येतेस."

युक्ती खरंच चांगली होती, त्यामुळे मला धड रागावताही येईना. वस्तू रोज वापरणाऱ्याची होते. वर्षभर तिची आठवण काढणाऱ्याला कोण विचारतं?

दादा सोफ्यावर बसला. मी निरांजन उजळलं आणि उभ्यानंच ओवाळलं. त्या पाटावर मांडी घातली की तो पुन्हा लहान व्हायचा. आज निरांजनाच्या उजेडात मला घरमालक दिसला.