रोवण्याच्या दिवसातला अंगठा

मावशीची ती तक्रार माझ्या मनातून अजून गेलेली नाही. नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले, महामार्गावरचे अपघात तर मोजलेच नाहीत. पण आता निवृत्तीनंतर गोंदियाजवळ कुडव्याच्या घरी अंगणात चहाचा कप घेऊन बसलो की ते काही आठवत नाही. आठवतो तो एक अंगठा. नावं मी कुणाचीच सांगणार नाही. गाव सडक अर्जुनी तालुक्यातलं होतं आणि मी त्या भागाचा ठाणेदार होतो, एवढं पुरे.

धान लोंबीवर आलेलं होतं. सकाळी अकराच्या सुमारास साठीची एक बाई ठाण्यात आली. पायात प्लास्टिकच्या चपला, हातात पिशवी, पिशवीत घडी केलेला एक झेरॉक्स कागद. ठाणे अंमलदाराच्या टेबलापाशी न थांबता ती थेट माझ्या दारात उभी राहिली.

"साहेब, ह्या कागदावर माहा अंगठा हाय म्हनतेत. म्या देल्ला नाई जी."

कागद वाचला. गावाच्या ग्रामसभेचा ठराव होता. गावाच्या तलावाला लागून एक गट आहे, त्या शेतजमिनीवर गिट्टी क्रशर, म्हणजे दगडाची खडी करायचं यंत्र, लावायला एका ठेकेदाराला अकृषक परवानगी मिळावी, ग्रामसभेची हरकत नाही, असा मजकूर. खाली शंभरावर सह्या आणि अंगठे. बायांच्या यादीत पहिलाच अंगठा हिचा होता. क्रशरच्या जागेला लागून हिचीच दोन एकर धानाची जमीन. म्हणजे धूळ पहिली हिच्याच बांधीत, धानाच्या खाचरात पडणार आणि संमतीही पहिली हिचीच!

मी तिला मावशी म्हटलं, बसायला सांगितलं. ती बोलत होती ते शेतापेक्षा वेगळंच होतं. गावातल्या बाया तिच्याशी बोलेनाशा झाल्या होत्या. बचत गटाच्या बैठकीत तिच्याजवळ कुणी बसत नव्हतं. यादीत पहिला अंगठा तिचा, म्हणजे तीच ठेकेदाराला सामील, तिच्यामुळेच बाकीच्या फसल्या, असं गावभर झालं होतं.

"धूर-धूळ त मी पाहून घेईन, साहेब. पर मले लबाड म्हनून राहिले सारे. माहं नाव त्या कागदातून काढा."

उपविभागीय अधिकाऱ्यांकडे परवानगीची सुनावणी तीन आठवड्यांवर होती. ठराव टिकला तर क्रशर येणार आणि मावशीवरचा डाग कायमचा बसणार. मी घाईत होतो, दुपारी बंदोबस्ताची बैठक होती. कोरा कागद पुढे केला आणि म्हटलं, "इथं अंगठा लावून जा, मजकूर आम्ही लिहून घेतो." तिनं एकदा कागदाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि अंगठा लावला. हे मी मुद्दाम सांगतोय, पुढे त्याचं काम आहे.

ग्रामपंचायतीचं दप्तर मागवलं. पंचांसमक्ष रजिस्टर ताब्यात घेतलं. ठरावाची तारीख होती ऐन रोवण्याची, म्हणजे धानाची रोपं, पऱ्हे, उपटून चिखलात लावायच्या दिवसांतली. दुपारी एकची वेळ. ग्रामसेवक होता तिशीतला, कापूस-सोयाबीनच्या मुलखातून बदलून आलेला, बोलायला गोड. त्यानं सांगितलं, सभा झाली, लोक आले, ठराव झाला. ठेकेदाराच्या बाजूचे वीसएक गडी पुढे आले, ते म्हणाले, सभा झाली. बाया म्हणाल्या, झालीच नाही. एक म्हातारा तर म्हणाला, "साहेब, रोवण्यात कोन कोनाले पाहून राहते? झाली असन, नसन." आता अशा साक्षीचं करायचं काय?

मी मावशीच्या अंगठ्याचा नमुना घेऊन रजिस्टरसह अंगुली मुद्रा केंद्राकडे पाठवला. दहा दिवसांनी अहवाल आला. रजिस्टरवरचा अंगठा तिचाच होता.

खरं सांगतो, मला राग आला. मावशीला बोलावलं आणि जरा चढ्या आवाजातच म्हणालो, "मावशी, अंगठा तुमचाच निघाला. पोलिसांना कामाला लावता? विसरला असाल तर तसं सांगा."

ती रडली नाही, भांडली नाही. माझ्या टेबलावर दोन्ही हात पालथे ठेवले, मग उलटे केले. म्हणाली, "हात माहा हाय न जी. मालूम नाई राहीन का मले, मी कोठी ठेवलो त?" आणि उठून गेली. बसनं आली होती, बसनंच परत गेली. मी तो दिवसभर चिडचिड करत काढला. स्वतःचं चुकतंय असं आतून वाटलं की माणूस दुसऱ्यांवरच ओरडतो, पोलीस जरा जास्तच.

आमच्या ठाण्यात एक महिला शिपाई होती. पोवारांच्या शेतकरी घरातली, हुशार आणि तोंडानं फटकळ. आवक-जावक तिच्याकडे असे. अहवाल आणि रजिस्टर मुद्देमालाला लावायला तिच्या हाती दिलं. दहा मिनिटांनी ती रजिस्टर उघडंच घेऊन आत आली.

"सर, एक सांगू का? हे अंगठे रोवण्यातले नाहीत."

"म्हणजे काय?"

"सर, तुम्ही कधी रोवणा केला नाही वाटते."

मी म्हटलं, नाही केला, आमच्या घरी बाया करत. म्हणाली, "म्हणूनच. मी सुट्टी टाकून आईसोबत दरवर्षी जाते. सकाळपासून चिखलात हात. चार दिवसांत बोटांची कातडी पांढरी पडते, सोलून निघते. अंगठ्याच्या रेषाच राहत नाहीत. माझ्या फोनचं लॉकसुद्धा त्या दिवसांत उघडत नाही, नंबर टाकावा लागतो. आणि इथं पाहा, एकेक रेघ मोजून घ्या."

मी भिंग काढलं. बायांचे अंगठे छापल्यासारखे स्वच्छ होते. तीस वर्षं अंगठे पाहिले मी, पंचनाम्यावर, जबाबावर, जामिनावर. अंगठा कोणाचा, एवढंच पाहिलं. तो कोणत्या महिन्यातला असेल, हे कधी डोक्यात आलं नाही. जी मावशी माझ्या टेबलावर हात ठेवून गेली होती ती बहुतेक हेच सांगत होती आणि मी तिच्या तोंडाकडे पाहत बसलो होतो.

पण शिपायाच्या अनुभवावर ठराव खोटा ठरत नसतो. पुरावा हवा. मार्गही तिनंच सुचवला. आम्ही दोघं मोटारसायकलनं त्या गावच्या रेशन दुकानात गेलो. दुकानदार मूळचा गोंदियाचा, मराठी-हिंदीची खिचडी करून बोलणारा. प्रश्न ऐकताच तो कपाळावर हात मारून म्हणाला, "अरे साहेब, वो मत पूछो! रोवण्यात ये मशीन बायांचा अंगठा घेतच नाही. महिन्याचा आखरी दिन था, सगळ्या बाया बांधीतून उठून आल्या आणि मशीन सबको ना बोल रहा था. शेवटी घरच्यांच्या मोबाईलवर नंबर मागवून धान्य दिलं."

"तो दिवस कोणता?"

त्यानं वही चाळली, मग मशीनमधल्या नोंदी दाखवल्या. तारीख तीच होती, ठरावाची. मावशीचा अंगठा दुपारी सव्वाबाराला तीन वेळा नाकारला गेला होता. तिच्या मागे रांगेतल्या आणखी बऱ्याच बायांचाही. आणि पाऊण तासानं त्याच बायांनी ग्रामसभेत सुबक अंगठे दिले? आम्ही नोंदींची प्रमाणित प्रत मागवली, दुकानदाराचा जबाब घेतला आणि परतताना महामार्गावरच्या ढाब्यावर दोघांनी पोटभर जेवण केलं. मला कित्येक दिवसांनी भूक लागली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी ग्रामसेवकाला चौकशीसाठी बोलावलं. मी आवाज चढवला नाही. चहा मागवला. माणसाला खोटं बोलायचं असेल तर त्याला भरपूर बोलू द्यावं, ही माझी जुनी पद्धत.

"सभेच्या दिवशी पाऊस होता?"

"होता सर, म्हणून सभा समाज मंदिरात घेतली."

"रोवण्याचे दिवस. बाया आल्या कशा?"

"मी स्वतः निरोप दिला ना सर. थेट बांधीतून आल्या सगळ्या. गावाचा विषय होता."

"सकाळपासून चिखलात असतील."

"हो सर, बोरिंगवर हातपाय धुतले आणि बसल्या."

"किती दिवस झाले होते रोवण्याला?"

"आठवडा तरी झाला असेल, जोरात सुरू होता."

महिला शिपाई बाजूला बसून लिहून घेत होती. मी तिला म्हटलं, वाचून दाखव. तिनं त्याचेच शब्द वाचले. मग मी रेशनच्या नोंदी त्याच्यापुढे ठेवल्या, शेजारी रजिस्टर उघडं ठेवलं आणि भिंग दिलं. तो भिंग एका अंगठ्यावरून दुसऱ्यावर फिरवत गेला. त्याला आधी कळेचना. कळलं तेव्हा त्यानं भिंग खाली ठेवलं.

मग सगळं बाहेर आलं. उन्हाळ्यात नळयोजनेची सभा झाली होती. त्या वेळी हजेरीच्या सह्या-अंगठे नेहमीसारखे आधीच कोऱ्या पानांवर घेतले होते, मजकूर नंतर लिहायचा म्हणून. त्यातली काही पानं, खाली सह्या असलेली, कोरीच उरली. पुढे ठेकेदाराचा अर्ज आला. त्यानं मसुदा आणून दिला, ह्यानं तो त्या पानांवर उतरवला. ठरावाची तारीख अर्जानंतरचीच हवी होती. ह्यानं विचार करून रोवण्यातला दिवस निवडला, कारण गाव रिकामं असतं, सभा झाली की नाही हे कुणाला छातीठोक सांगता येणार नाही. हिशेब तसा बरोबर होता. फक्त ज्या कामासाठी गाव रिकामं होतं, ते काम हाताचं काय करतं हे त्याला ठाऊक नव्हतं.

शेवटी तो म्हणाला, "सर, चुकलं. पण आधी सह्या, मग मजकूर, हे सगळीकडेच चालतं. तुमच्या ठाण्यात नाही चालत का?"

मी त्याला दरडावणार होतो. पण टेबलावर केसची फाईल उघडी होती आणि वरच मावशीचा तक्रार अर्ज होता. अंगठा ठसठशीत आणि वरचा मजकूर अंगठ्यावर येऊ नये म्हणून शेवटच्या ओळी दाटीवाटीनं बसवलेल्या. अक्षर माझंच. मी फाईल मिटली. महिला शिपाई खाली मान घालून लिहीत राहिली, पण तिनं पाहिलं होतं, मला पक्कं माहीत आहे.

रीतसर गुन्हा दाखल झाला, ग्रामसेवक आणि ठेकेदार दोघांवर. मावशीचा सविस्तर जबाब घ्यायला मी तिला ठाण्यात न बोलावता स्वतः तिच्या घरी गेलो. छपरीत खाट टाकली होती. आधी माफी मागितली. म्हटलं, "मावशी, मी त्या दिवशी तुमच्यावर ओरडलो, ते चुकलं. तुमचा अंगठाही मी कोऱ्या कागदावर घेतला, तेही चुकलं." ती म्हणाली, "चुकलंच तुमचं. च्या घ्या." झालं, विषय संपला!

मग जबाब लिहिला आणि ओळ न ओळ वाचून दाखवला. एका ठिकाणी तिनं मला थांबवलं. सवयीनं मी लिहिलं होतं, 'माझी नम्र विनंती आहे की'.

"थे काटा. मी खरं सांगून राहिलो, इनंती कायची?"

मी ते खोडलं, तिथं बारीक सही केली. मग तिनं अंगठा लावला.

सुनावणीत उपविभागीय अधिकाऱ्यांनी तो ठराव बाजूला ठेवला आणि गावाचं मत नव्यानं मागवलं. धान घरात आल्यावर ग्रामसभा लागली. वातावरण तापलेलं होतं म्हणून मी स्वतः बंदोबस्ताला गेलो. समाज मंदिर भरून बाहेर पटांगणात लोक उभे होते. नवीन ग्रामसेविका आली होती, बिचारी घाबरलेली. तिनं नेहमीप्रमाणे हजेरीचं रजिस्टर पहिल्या रांगेकडे सरकवलं. बायांच्या रांगेतून ते मावशीपर्यंत आलं. तिनं ते घेतलं, मिटवलं आणि मांडीवर ठेवलं.

"आंदी बोला. मग लिवा. मग वाचून दाखवा. अंगठा कोठी पळून नाई चालला."

बाया हसल्या. ज्या तिच्याजवळ बसत नव्हत्या त्या आज तिला अगदी खेटून बसल्या होत्या. क्रशर हवा म्हणणारेही बोलले, नको म्हणणारेही बोलले, दीड तास गेला. हात वर झाले. तलावालगत क्रशर नको, हा ठराव झाला, लिहिला गेला, मोठ्यानं वाचला गेला. मावशीनं मांडीवर दोन्ही हात नीट पुसले आणि अंगठा दिला. मजकुराच्या खाली, बायांमध्ये पुन्हा पहिला.

या प्रकरणानं मला काय शिकवलं? माणूस खरं बोलतोय की खोटं, हे मी जन्मभर त्याच्या तोंडावर शोधत आलो. त्याचं रोजचं काम काय, ते त्याच्या हातांचं काय करतं, हे विचारायचं राहून जात होतं. त्यानंतर माझ्या ठाण्यात कोऱ्या कागदावर कुणाची सही घेतली नाही. सुरुवातीला अंमलदारांनी तोंडं वाकडी केली, पण मी घेऊ दिली नाही.

आणि त्या सभेत शेवटी रजिस्टर माझ्याकडे आलं, हजर पोलीस अधिकारी म्हणून सही करायला. बाहेर जीप उभी होती, मला पुढे जायचं होतं. मी उभ्या उभ्याच पेन काढलं. पहिल्या रांगेतून आवाज आला, "साहेब, तुमी बी वाचूनच करा जी."

मागे उभी असलेली माझी महिला शिपाई खुदकन हसली. मी खिशातून चष्मा काढून डोळ्यांवर लावला, खाली सतरंजीवर बसलो आणि सगळं गाव पाहत असताना तो ठराव पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला.