रॉकेटने घातलेला खो

खो-खो खेळलेल्या बायका एकत्र आल्या की कुणी शांत बसतच नाही. एकीचं संपलं की दुसरी उठते, दुसरीचं संपायच्या आत तिसरी! सिंदी रेल्वेच्या आमच्या टीमचे किस्से असेच साठलेत. त्यात मी पडले अवकाश शास्त्रज्ञ, म्हणजे निम्म्या किश्श्यांत बकरा मीच.

* * *

बंगलोरला नोकरीचा इंटरव्ह्यू होता. आम्ही उमेदवार बाहेर खुर्च्यांवर ओळीने बसलो होतो. माझा नंबर आला तेव्हा शिपाईबाईंनी मागून पाठीवर हलकी थाप मारली आणि म्हणाल्या, "गो!"

मला ऐकू आलं, "खो!"

मी जी सुटले ती थेट आत, टेबलाला वळसा घालून साहेबांच्या पाठीमागे!

साहेब दचकून म्हणाले, "प्लीज, सिट."

मी चटकन खाली बसले. जमिनीवर, उकिडवी!

तरी नोकरी लागली.

* * *

माझ्या पहिल्या उपग्रहाच्या वेळी मी टीमच्या ग्रुपवर टाकलं, 'आपला उपग्रह तिसऱ्या कक्षेत पोचला!'

साड्यांचं दुकान चालवणाऱ्या माधुरीचा लगेच मेसेज आला, 'माहा पोरगा सातवीत हाय. तुमचा एवढ्या खर्चात तिसरीतच काऊन?'

कक्षा म्हणजे काय ते मी चार मेसेजमध्ये समजावलं.

'म्हणजे गोल गोल फिरून राह्यला. माह्याच पोरासारखा हाय!'

* * *

गेल्या वर्षी मात्र रॉकेटने खराच खो घातला. वर्ध्याच्या स्पर्धेसाठी रजा मंजूर, तिकीट काढलेलं, आणि हवामानामुळे उड्डाण नेमकं स्पर्धेच्याच रविवारावर ढकललं गेलं. आमच्या कोच भोयर मॅडमना घाबरत फोन लावला. त्यांच्यापुढे मी अजून नववीतच असते.

"मॅडम, वारा जोरात आहे. रॉकेट थांबवलंय."

"वाऱ्यानं थांबते? माह्या पोरी नाई थांबत!"

फोन कट.

त्या रविवारी रॉकेट झकास उडालं आणि आमची टीम हरली. मी आनंदाने रडतेय असं ऑफिसात सगळ्यांना वाटलं.

* * *

यंदा आठ दिवस आधीच सिंदीला येऊन प्रॅक्टिसला हजर झाले. बघते तर यादीत माझं नाव सगळ्यात शेवटी: राखीव.

"मॅडम, राखीव काऊन?"

"तुमच्या यानात एक मशीन बंद पडली तर दुसरी ठेवता नं? थे तू!"

पोरी खो खो हसल्या. मीही हसले, पण यादी पुन्हा एकदा वाचली. टीममधली जागाच गेली तर सिंदीत माझं काय उरलं?

* * *

फायनलला समोर सेवाग्रामच्या मुली. पहिल्याच डावात माधुरीचा पाय मुरगळला आणि मॅडमनी माझ्याकडे बोट केलं.

शेवटचं मिनिट. आम्ही एका गुणाने पुढे आणि पळणारी मी एकटी उरलेली. शिट्टीपर्यंत टिकले तर कप आमचा! मागे लागलेली पोरगी असेल सोळा वर्षांची. पळता पळता ती काळजीने ओरडली, "काकू, हळू! पडसान!"

काकू! त्या रागात मी खांबाला असे वळसे मारले की शिट्टी वाजलेलीही कळली नाही.

पोरी कप घेऊन नाचत होत्या. मी मैदानात आडवी, छाती भात्यासारखी हलतेय. मॅडम आल्या. माझ्याकडे न बघता पाण्याची बाटली पुढे केली.

"पुढच्या साली स्पर्धा संक्रांतीनंतरच्या रविवारी हाय. त्या रॉकेटले आत्ताच सांगून ठेवजो!"